सिम कोणाच्या नावावर आहे?

(युवक-युवती शिबिरात केलेलं भाषण)



सकाळपासून तुम्ही संविधान, शिक्षण, रोजगार यांवर ऐकलंत. मला विषय दिलाय मोबाइल कसा घ्यायचा आणि रिचार्ज कुठला मारायचा. मागे काही जण हसले, मी पाहिलं. हसायला हरकत नाही. पण आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, की गेल्या वर्षी आपल्या घरात पुस्तकांवर किती गेले आणि मोबाइलवर किती. त्यानंतर हा विषय छोटा वाटणार नाही.

सुरुवात माझ्यापासून करते. माझा पहिला फोन म्हणजे भाईचा जुना फोन. सिमही त्याचंच, त्याच्याच नावावर. मला वाटायचं, काय फरक पडतो? नंबर तर माझ्याच हातात आहे. मग भाई नोकरीला आखातात गेला आणि दोन महिन्यांनी बसमध्ये माझा फोन चोरीला गेला. त्याच नंबरवर माझं बँक खातं, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारचा ओटीपी. कंपनीच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ज्यांच्या नावावर सिम आहे, त्यांना पाठवा." तो नियमानेच बोलत होता. भाई सुट्टीवर येईपर्यंत मी थांबले आणि तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. एका वर्षाचे पैसे बुडाले.

म्हणून मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीही, फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे नंतर बघू. आधी बघा, सिम कोणाच्या नावावर आहे. दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' नावाचं संकेतस्थळ आहे. 2023 च्या मे महिन्यात ते सुरू झालं. त्यावर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नाही' अशी नोंद तिथेच करता येते. ती नक्की करा. तुमच्या कागदपत्रांवर दुसऱ्याने सिम काढून काही उद्योग केला, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतात आणि आपल्या मोहल्ल्यात अशा चौकशीचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको. मित्राला 'जरा तुझ्या आधारवर सिम काढून दे' म्हणण्याची दोस्ती बंद करा. भाऊ किंवा अब्बांच्या नावावर तुमचा नंबर असेल, तर दोघांनी कागदपत्रं घेऊन दुकानात जा आणि नाव बदलून घ्या. यात घरच्यांवर अविश्वास नाही. घराचा दाखला जसा ज्याच्या त्याच्या नावावर असतो, तसंच हे.

आता रिचार्ज. परदेशात राहणारे आपले नातेवाईक सांगतात, की तिकडे दोन-दोन वर्षांचा करार करावा लागतो. आपल्याकडे बहुतेक सगळे प्रीपेड, त्यामुळे रिचार्ज हाच आपला करार. तो वाचायची एकच रीत सांगते: किंमत भागिले दिवस. समजा 28 दिवसांचा प्लॅन 300 रुपयांना आहे. आपण त्याला 'महिन्याचा' म्हणतो. पण 28 दिवसांनी वर्षाला 13 रिचार्ज होतात, 12 नाही. म्हणजे 3,900 रुपये, दिवसाला जवळपास पावणेअकरा. शेजारी 84 दिवसांचा प्लॅन 800 ला असेल, तर दिवसाला साडेनऊ. अर्थात एकदम 800 काढणं प्रत्येकाला जमत नाही, रोजंदारीवरच्या घराला तर नाहीच. गरिबाला तीच वस्तू महाग पडते, ती अशी. पण ट्रायने 2022 मध्ये नियम केला, की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन पूर्ण 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवायलाच हवा. ॲपमध्ये तो वरती दिसत नाही, खाली शोधावा लागतो. शोधा.

दुसरं, अम्मी-दादीचा फोन. बटणांचा फोन, इंटरनेट नाही आणि रिचार्ज मात्र रोजच्या दीड जीबीचा! 2024 च्या डिसेंबरमध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं, की फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा प्लॅनही द्या. 2025 च्या सुरुवातीला ते प्लॅन आले. घरातल्या प्रत्येक फोनचा रिचार्ज एकदा कागदावर मांडा. जे वापरत नाही त्याचे पैसे कुठे जातात, ते लगेच दिसेल.

तिसरं, नेटवर्क. जाहिरातीत कुणाचं चांगलं हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या खोलीत, जिन्याखाली, पत्र्याच्या छपराखाली, कॉलेजात कुणाचं चालतं, ते बघा. मित्राचं सिम दोन दिवस मागून घ्या. मग बदलायचं ठरलं तर नंबर तोच राहतो. ही सोय देशभर 2011 च्या जानेवारीपासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाका आणि 1900 वर पाठवा. येणारा कोड घेऊन नव्या कंपनीकडे जा. सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस झालेले हवेत. पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं. एकाच टेलिकॉम सर्कलमधल्या सर्कलमध्ये कामाच्या तीन दिवसांत काम होतं.

आता फोन. आपल्यातली कितीतरी मुलं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतात. त्यांना विचारा, ते जाहिरातीपेक्षा खरं सांगतील: बॅटरी कुठली टिकते, डिस्प्ले किती महाग पडतो, सुटे भाग मिळतात का. तुम्ही दुकानदाराला एक प्रश्न विचारा, 'सुरक्षेचे अपडेट किती वर्षं येणार?' गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला सात वर्षांचं आश्वासन दिलं, स्वस्त फोनना त्याहून बरंच कमी मिळतं. ती वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. म्हणून सेलमधलं दोन वर्षं जुनं मॉडेल वाटतं तेवढं स्वस्त नसतं. त्यावर तुम्ही यूपीआय चालवणार आहात, हे विसरू नका. आणि मराठी-उर्दू लिहायला महाग फोन लागत नाही. जीबोर्डमध्ये दोन्ही कळफलक फुकट आहेत.

जुना फोन घेत असाल तर बिल आणि खोका मागा. *#06# दाबा, आयएमईआय नंबर दिसेल. 'केवायएम', एक जागा, मग तो नंबर, असं इंग्रजीत लिहून 14422 वर एसएमएस पाठवा. तो नंबर काळ्या यादीत आहे का ते कळतं. दोन हजार वाचवायला चोरीचा फोन घेऊ नका.

शेवटचं, हप्ते. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हटलं की आपली मुलं विचारतात, 'यात व्याज आहे का?' फतवा देणं माझं काम नाही, मी हिशोब सांगते. रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये बँकांना कळवलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. बहुतेक वेळा बँक व्याज लावते आणि दुकान तेवढी सूट देतं. क्रेडिट कार्डवर घेतलंत तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता. व्याज 700 असेल तर 126 रुपये. वर प्रोसेसिंग फी, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत तुम्हाला नाही. हे सगळं मांडून मग ठरवा. आणि मित्राच्या फोनसाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढू नका. हप्ता चुकवतो तो आणि पत जाते तुमची. उद्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेलात की ते समोर येतं. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, हे तर सूरह बकरामध्येच सांगितलंय. आपण मात्र अटी न वाचता 'मान्य आहे' दाबतो.

माझा भाई परत आला, तेव्हा आम्ही पहिलं काम सिम माझ्या नावावर करायचं केलं. तो म्हणाला, "एवढंसं काम आधी का नाही केलं?" मला उत्तर सुचलं नाही. चहाच्या सुट्टीत तुम्ही आपापल्या फोनवर संचार साथी उघडा. ज्यांना जमणार नाही त्यांनी माझ्याकडे या, मी बाहेर कट्ट्यावर बसते.