नाक चोंदलंय आणि उद्या स्कूबा आहे!

सुट्ट्या लागल्या की एक प्रश्न हमखास येतो: "तारकर्लीचं स्कूबा बुक झालंय, ॲडव्हान्स भरलाय, आणि सर्दी झालीये. जाऊ का?"

आधी पाण्याखाली काय होतं ते बघू. आपल्या कपाळात, गालांच्या हाडांमागे हवेच्या पोकळ्या असतात, त्याच सायनस. त्यांची वाट नाकात उघडते, आणि ती अगदी बारीक असते. १० मीटर खाली गेलात की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि तीच हवा अर्ध्या जागेत मावते. वाट मोकळी असेल तर नवी हवा आत शिरते, काही कळतही नाही. वाट सर्दीने बंद असेल तर आतलं अस्तर सुजतं, कधी रक्त येतं. भुवईच्या वर सुरी खुपसल्यासारखं दुखतं, वरचे दातसुद्धा ठणकतात. आणि "आम्ही फक्त ५ मीटरच जाणार" हे काही उत्तर नाही हं. तिथेही दाब दीडपट असतो.

मग नाकात स्प्रे मारून उतरू? इथेच खरी गोची आहे. स्प्रेचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना हवा आत अडकते. खाली जाताना दुखलं तर थांबता येतं, परतता येतं. वर मात्र यावंच लागतं, कारण सिलिंडरमधली हवा मोजकी असते. शिवाय ऑक्सिमेटाझोलिनसारखे स्प्रे तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट आणखी चोंदतं. सेट्रिझिनने झोप येते, तेही लक्षात ठेवा.

प्रवासाचं म्हणाल, तर रात्रभर एसी स्लीपरमध्ये नाक कोरडं पडतं. पाणी पीत राहा. जलनेती येत असेल तर उत्तम, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको. ज्यांना कायमची ॲलर्जी आहे त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी नाही, दोन-तीन आठवडे आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटा.

सकाळी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकून बघा. दोन्ही कान 'टक्' करून उघडले? छान. एकाला दडा बसलेलाच असेल तर आज पाण्यात नाही. कान उघडले म्हणजे सायनसही मोकळे, असं मात्र नाही. कपाळ जड वाटत असेल तरी नकोच. पाण्यात हेच फुंकणं दुखायच्या आधीपासून, थोड्या थोड्या अंतराने करायचं. जोर लावून कधीच नाही, आतल्या कानाला इजा होऊ शकते. दुखलं की इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवून हाताने 'गडबड आहे' अशी खूण करायची.

आणि तो फॉर्म! 'सर्दी आहे का?' वर सगळे बिनधास्त 'नाही' लिहितात. तसं करू नका. सरळ विचारा, "दादा, दोन दिवसांनी चालेल का?" सीझनमध्ये तारीख बदलून मिळेलच असं नाही, पैसे बुडतीलही. तेवढ्या वेळात सिंधुदुर्ग किल्ला बघा, सोलकढी प्या. ग्रुप चिडवेल, चिडवू दे.