उत्तर समुद्राकाठचे एक गाव



विलायतेहून आलेला वक्ता व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते लंडनच्या वर्णनाची तयारी ठेवतात. पार्लमेंट, भुयारी रेल्वे, मेणाचे पुतळे वगैरे. त्या बाबतीत आम्ही आपली निराशा करणार आहोत. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि फुकट वाचनालयात झाले. प्रवासही आम्ही त्याच रीतीने करतो, म्हणजे स्वस्तात आणि विचारपूस करीत. युनियनच्या कामासाठी आम्ही ईशान्य इंग्लंडात मिडल्सबरो येथे गेलो होतो. काम संपल्यावर हाताशी दोन दिवस उरले, तेव्हा व्हिटबीकडे जाणारी बस पकडून वाटेत स्टेद्स नावाच्या गावी उतरलो.

या नावाचा जुना अर्थ धक्का, म्हणजे नावेतून माल उतरवण्याची जागा. तिथले जुने लोक त्याचा उच्चार ‘स्टीअर्स’ असा काहीसा करतात. बस वर थांबते. खरे गाव खाली, दोन कड्यांच्या मधल्या खाचेत दडलेले आहे. मोटारी वरच ठेवाव्या लागतात. गोट्यांनी फरसबंद केलेला अरुंद रस्ता उतरत गेलो की लाल कौलांची घरे एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी दिसतात. एक बोळ तर इतका चिंचोळा, की आमच्यातल्या एका पोटार्थी सहकाऱ्याला त्यातून आडवे होऊनच जावे लागले. तळाशी ओढा आणि पुढे समुद्र. पुढे प्रसिद्धीस आलेला कॅप्टन जेम्स कुक १७४५ साली सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असताना येथे एका वाण्याच्या दुकानी कामाला राहिला होता. दीडएक वर्षात वजनकाट्याला कंटाळून तो व्हिटबीच्या कोळशाच्या जहाजांवर गेला. ते दुकान समुद्राने केव्हाच गिळले. पाहुणे आजही त्याच्या नावाने फोटो काढतात. आम्ही मात्र जाळी विणणाऱ्यांची चौकशी केली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या खाचेतून ऐंशी नावा नियमाने मासेमारीस जात. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक, तेही जोडधंदा म्हणून, खेकडे आणि लॉबस्टर पकडतात. वाफेच्या मोठ्या ट्रॉलरांनी समुद्राचा तळ खरवडून नेला आणि लहान नावेचे पोट मारले. पण नावेइतकेच आम्हाला महत्त्वाचे वाटले ते नावेत कधी न बसलेल्या बायांचे काम. भल्या पहाटे, थंडीवाऱ्यात, खडकांना चिकटलेले शिंपले खरवडून आणायचे, ते सोलायचे, आणि दोरीच्या शेकडो गळांना एकेक आमिष लावून, गुंता न होऊ देता ती दोरी रचून ठेवायची. नवरा रात्री परतला की दुसऱ्या दिवसाची दोरी तयार हवी. डोक्यावरून ओझे वाहायचे, म्हणून त्या पांढऱ्या सुती कापडाची जाड झालरीची टोपी घालीत. ती टोपी आता चित्रांत आणि संग्रहालयात आहे, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्रकारांची एक टोळीच येथे येऊन राहिली होती. चित्रे सुंदर आहेत. परंतु त्या बायांच्या कामाचा रोज कोणत्याच वहीत लिहिलेला नव्हता. गावाच्या धंद्याचा निम्मा भार असा बिनहिशेबी होता.

आता गावाबाहेर चला. उत्तरेकडे बोल्बीचा कडा, सुमारे सहाशे साठ फूट उंच. तो नुसता निसर्ग नव्हे, माणसाने तो कुरतडलेला आहे. सतराव्या शतकापासून या किनाऱ्यावर तुरटी काढीत. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून आपले रंगारी वापरीत आले, तीच ही तुरटी. येथील काळा पाटीचा दगड फोडून त्याचे ढीग महिनोन्महिने जाळायचे, मग पाण्यात भिजवून तो अर्क उकळायचा, आणि त्यात क्षार म्हणून समुद्री शेवाळाची राख किंवा माणसाचे मूत्र घालायचे. हसू नका, लंडनहून ते पिंपे भरून जहाजाने येत असे! १८४५ साली पीटर स्पेन्स या रसायनज्ञाने गंधकाम्ल वापरून तुरटी करण्याची स्वस्त रीत काढली आणि १८७१ साली या किनाऱ्यावरचा शेवटचा कारखाना थंड झाला.

दक्षिणेला, कड्यावरच्या पायवाटेने थोडे चालले की पोर्ट मलग्रेव्ह लागते. तेथे बंदर म्हणावे असे आज काही नाही. दगडांचा विस्कटलेला बांध, आणि कड्यात विटांनी बुजवलेले एक तोंड. येथे आम्ही सर्वांत जास्त वेळ उभे राहिलो. ते तोंड म्हणजे सुमारे एक मैल लांबीच्या बोगद्याचे टोक. आतल्या खाणीतले लोखंडाचे खनिज त्यातून थेट जहाजात पडे आणि टाइन नदीवरच्या जॅरो गावी, चार्ल्स पामर यांच्या भट्ट्यांत जाई. पुढे ते रेल्वेने जाऊ लागले. म्हणजे या कड्यातल्या खाणकऱ्याची भाकरी शिजायची कुठे, तर दूरच्या जॅरोत. तिथला जहाजबांधणीचा कारखाना मंदीत अडचणीत आला. मालकांच्याच एका संघाने तो विकत घेऊन बंद केला, आणि त्या जागी चाळीस वर्षे जहाज बांधायचे नाही अशी अट घातली. इकडे ग्रिंकलची खाण १९३४ साली थांबली.

जॅरोच्या दोनशे कामगारांनी ५ ऑक्टोबर १९३६ रोजी लंडनचा रस्ता धरला. जवळजवळ तीनशे मैल पायी. बरोबर होत्या त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन. याच बाई १९३२ साली इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून, कृष्ण मेनन यांच्यासह, आपल्या देशात दडपशाहीची पाहणी करून गेल्या होत्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पंतप्रधान बाल्डविन यांनी मोर्चेकऱ्यांची भेट नाकारली. घरी परतल्यावर कळले की चालण्याच्या दिवसांचा बेकारभत्ताही कापला गेला, कारण त्या दिवसांत ते ‘कामाला उपलब्ध’ नव्हते! कारकुनी तर्क सगळ्या मुलखांत एकाच शाळेत शिकलेला दिसतो. मलग्रेव्हचा बांध पुढे दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरेल या भीतीने ब्रिटिश लष्करानेच उडवला.

रेल्वेची कथा थोडक्यात सांगतो. १८८३ साली किनाऱ्याने लोहमार्ग आला. टे नदीचा पूल १८७९ साली वादळात कोसळला होता, म्हणून स्टेद्सच्या पुलावर वारा मोजण्याचे यंत्र बसवले. १९५८ साली मार्ग बंद झाला आणि १९६० साली पूलही मोडून टाकला.

यानंतर पोटॅश. आपले शेतकरी पोटॅशच्या गोणीला ओळखतात, कारण ते जवळजवळ सगळे परदेशातून येते. बोल्बीची खाण १९७३ साली सुरू झाली. ती हजार मीटरहून अधिक खोल आहे आणि तिचे फाटे समुद्राखाली गेले आहेत. जून २०१६ मध्ये तेथे वायूच्या उद्रेकात एक कामगार दगावला. २०१८ साली पोटॅश काढणे थांबले. आता पॉलिहॅलाइट नावाचे दुसरे खनिज निघते. दरम्यान शेकडो नोकऱ्या गेल्या.

परतताना रेडकारला पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. आम्ही हिंदुस्थानचे म्हणताच त्यांनी टाटांचे नाव काढले. टाटांनी २००७ साली कोरस कंपनी विकत घेतली, तीत ही भट्टीही आली. २००९ साली चार गिऱ्हाइकांनी दहा वर्षांचा करार मोडला. फेब्रुवारी २०१० मध्ये भट्टी थंड केली गेली. पुढच्या वर्षी ती थायलंडच्या कंपनीने घेतली, २०१२ साली पेटवली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ती कायमची विझली. सुमारे बावीसशे कामगार एका महिन्यात रस्त्यावर आले. त्या गृहस्थांच्या बोलण्यात आमच्याविषयी कडवटपणा नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच, की निर्णय करणारा माणूस कधी दिसला नाही. मुंबईच्या गिरण्या बंद होताना आम्ही हेच ऐकत आलो आहोत, फक्त त्या वेळी माणूस दिसत असे आणि भेटत नसे.

आज स्टेद्सचा धंदा म्हणजे सुटीचे पाहुणे. आम्हीही त्यांतलेच, तेव्हा पाहुण्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. चहा उत्तम मिळाला. पण गावातली बरीच घरे बाहेरच्यांची दुसरी घरे झाली आहेत. संध्याकाळी पुलावरून पाहिले तर एकेका ओळीत दोन-तीन खिडक्यांतच दिवा होता. मासेमाऱ्याच्या मुलाला बापाच्या गल्लीतले घर परवडत नाही. शेजारच्या व्हिटबीत जून २०२२ मध्ये मतदान झाले, आणि नवी घरे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा प्रचंड बहुमताचा कौल पडला. तो कोणावर बंधनकारक नव्हता. १ एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशायरच्या परिषदेने दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला. मात्र घर भाड्याने देण्याचा व्यवसाय म्हणून नोंदवले, की हा जादा कर लागत नाही.

ओढ्याच्या पलीकडे जीवरक्षक नौकेचे ठाणे आहे. ते सरकारी नव्हे. देणग्यांवर आणि बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवकांवर चालते. पेजर वाजताच हातातले काम टाकून काही मिनिटांत नौकेपाशी पोचायचे असते. तेवढ्या अंतरावर राहणारी माणसे गावात शिल्लक असावी लागतात.