तासावरचे अध्यापक आणि त्यांची संघटना

आजच्या विषयाचे क्षेत्र प्रथम स्पष्ट केले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९७२ साली सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा सोळा वर्षांवर नेण्यात आली. त्यापुढील शिक्षणास तेथे ‘सक्तीनंतरचे शिक्षण’ म्हणतात. विद्यापीठे त्यात येतातच. परंतु ज्याची वाच्यता फारशी होत नाही असा मोठा भाग आहे तो ‘पुढील शिक्षणा’च्या महाविद्यालयांचा. गवंडीकाम, वेल्डिंग, रुग्णसेवा, हिशेबलेखन, परदेशांतून आलेल्यांसाठी इंग्रजी, असे सारे तेथे शिकविले जाते. पुष्कळसे सायंकाळी, आणि पुष्कळसे अर्धवेळ अध्यापकांकडून. आपल्याकडील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कनिष्ठ महाविद्यालय आणि रात्रीचे वर्ग एका छपराखाली आणले, तर त्याची थोडीफार कल्पना येईल.

या अध्यापकांच्या संघटनेचा इतिहास जुना आहे. तांत्रिक संस्थांतील शिक्षकांची संघटना १९०४ ची, विद्यापीठीय अध्यापकांची १९१९ ची. पहिलीतून १९७६ मध्ये ‘नॅटफी’ या नावाने ओळखली जाणारी संघटना झाली आणि २००६ मध्ये दोन्ही प्रवाह एकत्र येऊन ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ स्थापन झाली.

वृत्तपत्रांतून संघटना दिसते ती संपाच्या वेळी. २०१८ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर साठाहून अधिक विद्यापीठांत चौदा दिवसांचा संप झाला, त्याची चर्चा सर्वत्र झाली. परंतु संघटनेची खरी कसोटी लागते ती एकट्या पडलेल्या अध्यापकाच्या बाबतीत, आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही.

१ एप्रिल १९९३ पासून ही महाविद्यालये स्थानिक शिक्षण प्राधिकरणांकडून काढून स्वायत्त करण्यात आली. तोवर अध्यापनाच्या तासांची मर्यादा, सुट्ट्या इत्यादी अटी ‘सिल्व्हर बुक’ नावाच्या राष्ट्रीय करारात नमूद होत्या. स्वायत्ततेनंतर प्रत्येक महाविद्यालय स्वतः मालक झाले. नवे करार पुढे आले. जुन्या अटी न सोडणाऱ्यांची वेतनवाढ अनेक ठिकाणी रोखली गेली. काटकसरीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तासावर काम करणारे अध्यापक, हेही व्यवस्थापनांच्या लवकरच ध्यानात आले.

लँकेशायर परगण्यातील एका महाविद्यालयात एक अध्यापिका १९९० पासून कार्यालयीन तंत्र शिकवीत होती. नेमणूक अर्धवेळ, करार एकेका वर्षाचा, मोबदला तासावर. दरम्यान अर्धवेळ कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने लाभ देणे कायद्याने भाग पडू लागले. म्हणजे ज्या तरतुदीने तिचे संरक्षण व्हावयाचे, तिच्याचमुळे ती महाविद्यालयाला महाग वाटू लागली. १९९६ मध्ये अर्धवेळ अध्यापकांचे करार पुढे चालू ठेवण्यात आले नाहीत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. काम हवे असेल तर एका मध्यस्थ कंपनीकडे ‘स्वयंरोजगारी’ म्हणून नोंदणी करावयाची आणि त्याच वर्गात, त्याच विद्यार्थ्यांना शिकवावयाचे, असा तोडगा निघाला. उत्पन्न घटले, आजारपणातील वेतन गेले आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतन योजनेचे दारही बंद झाले.

तिच्या पाठीशी नॅटफी उभी राहिली. दावा न्यायाधिकरणातून अपील न्यायालयात आणि तेथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघाचा सभासद होता. १३ जानेवारी २००४ रोजी निकाल लागला. तो निर्भेळ विजय नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. महाविद्यालयाच्या पुरुष अध्यापकाशी वेतनाची तुलना न्यायालयाने नाकारली, कारण दोघांचे वेतन ठरविणारा धनी एक नव्हता. परंतु कागदावर ‘स्वयंरोजगारी’ असे लिहिल्याने कोणी कामगार नाहीसा होत नाही, हे मान्य झाले. निवृत्तिवेतन योजनेत येण्यासाठी नोकरीच्या कराराची अट घातल्याने प्रामुख्याने स्त्रियाच वगळल्या जात असतील, तर त्या अटीचे वस्तुनिष्ठ समर्थन द्यावे लागेल, असेही ठरले. या लढ्याला आठ वर्षे लागली. तासावर जगणाऱ्या एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खर्चाने इतका काळ न्यायालयात टिकून राहणे अशक्यप्राय होते.

अशी प्रकरणे विरळा. रोजचे काम साधे असते. शाखेचा प्रतिनिधी स्वतः अध्यापकच असतो. १९९९ च्या कायद्याने शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीस त्याला सोबत नेण्याचा हक्क कर्मचाऱ्यास मिळाला. २००२ च्या नियमांनुसार मुदतीचे करार सलग चार वर्षे चालले, तर सबळ कारण नसल्यास नोकरी कायम धरली जाते. म्हणून प्रतिनिधी प्रथम मागतो ती नेमणुकीची पत्रे आणि वेतनाच्या पावत्या. पुष्कळांजवळ त्या नसतात.

आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना हे सारे परके वाटू नये. वर्गातील तासाचे पैसे मिळतात. त्या तासाच्या तयारीचे आणि दीर्घ सुट्टीचे मिळत नाहीत. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी, उच्च माध्यमिक अध्यापक धरून, १९७७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने शाळा न्यायाधिकरणाची वाट खुली केली. मात्र अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची आहे. ब्रिटिश न्यायाधिकरणात अनेक वर्षे ती तीन महिन्यांची राहिली, आणि तेथेही ‘मुदत टळून गेल्यावर आलात’ हेच वाक्य प्रतिनिधींना वारंवार उच्चारावे लागले. सेवासमाप्तीचे पत्र हाती पडल्यावर संस्थाचालकांच्या तोंडी आश्वासनावर चार आठवडे थांबणारा अध्यापक संघटनेच्या कार्यालयात पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाती उरलेले असतात जेमतेम दोन दिवस.