पहिल्या दोरीला सुरू होणारं मशीन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले, अमेरिकेहून आलेला आपला मित्रही बोलला. मी १९७८ च्या बॅचचा. दहावी झाल्यावर मुंबईला गेलो आणि गोदीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. भाषणाची सवय नाही. पण संयोजकांनी सांगितलं, ‘तू त्या होडीबद्दल बोल.’ म्हणून होडीबद्दल बोलतो. खरं म्हणजे होडीच्या मशीनबद्दल आणि पेट्रोलच्या टाकीबद्दल. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या गावात दर पावसाळ्यात ह्याच विषयावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

सावित्री ही एके काळी आपली वाटच होती. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून बोटीनं निघाले आणि दासगाव बंदरात उतरून महाडला आले. आपल्या वर्गातली पलीकडच्या काठावरची पाच-सहा मुलं होडीनंच शाळेला यायची, आठवतंय ना? पावसाळ्यात पहिल्या तासाला त्यांना उशीर माफ असायचा, आणि ती त्याचा फायदा भादव्यानंतरही घ्यायची! तीच ही होडी. अठरा फुटांची. पूल झाले, रस्ते झाले, आणि ती काठावर पालथी पडून राहिली. २०१९ साली मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा तिच्यात वाळवी आणि कोंबड्या होत्या.

दोन वर्षं मी आणि एक म्हातारे सुतारकाका तिच्या मागे होतो. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, सांध्यांत कापूस ठासला. मग मशीनचा प्रश्न आला. इथं मी गोदीतला फिटर असूनही शाळकरी पोरासारखी चूक केली. जुन्या बाजारात २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन स्वस्तात मिळालं, ते घेतलं. मनात काय होतं? दिवाळीत बाणकोटच्या खाडीपर्यंत झपाट्यानं जायचं, मित्रांना मिरवायचं. मशीन किती जोरात जाईल एवढंच मी पाहिलं.

मग २२ जुलै २०२१ आला. त्या दिवसाचं वर्णन मी तुम्हाला काय करणार? तळियेचा डोंगर त्याच दिवशी खाली आला. महाबळेश्वरच्या माथ्यावर पाऊस, खाली खाडीला भरती, आणि मधे आपण. सावित्री आणि गांधारी दोघी बाजारपेठेत शिरल्या. लाइट नाही, फोन नाही. माझं मशीन पडवीत स्टँडवर होतं. पाणी पायरीला लागलं तसं मी आणि शेजारी, साठीच्या आसपासचे दोन पुरुष, ते पन्नास किलोचं धूड उचलून होडीपर्यंत नेलं. त्यातच निम्मा दम गेला. मागच्या फळीला आवळून बसवलं आणि दोरी ओढली. तीस वेळा ओढली असेल. मशीन खोकलं, पण सुरू झालं नाही.

टाकीत आदल्या वर्षीचं पेट्रोल होतं. अर्धी टाकी रिकामी, झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिलेला. आमच्या कोकणातली हवा त्या रिकाम्या जागेत वर्षभर ये-जा करत होती आणि पाणी ठेवून जात होती. नंतर ते पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं, तेव्हा तळाशी दोन बोटं पाणी निराळं दिसलं.

आम्ही वल्ह्यांवर गेलो. एका आळीतून चार माणसं काढली आणि आमचे हात संपले. पुढच्या आळीत आपल्याच वर्गमित्राची आई माळ्यावर बसून होती. त्या दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर बाहेर आल्या. सुखरूप आल्या, देवाची कृपा. मला एवढंच म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या होडीला मशीन आहे ना, म्हणून मी रात्रभर आवाजाकडे कान लावून होते.’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वाक्यानंतर मी मशीन नव्यानं निवडायला बसलो. तेव्हा स्वतःला विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न ताकदीचा. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून गणित मांडून दाखवतो. आपल्यासारखी जड, पाणी कापत जाणारी होडी ठरावीक वेगापलीकडे जात नाही. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. आमची पाण्यातली लांबी १६ फूट. वर्गमूळ ४. म्हणजे ५.३६ नॉट, ताशी साधारण १० किलोमीटर. त्यापुढे कितीही हॉर्सपॉवर लावा, होडी नाक वर करते, बूड खाली दाबते आणि पेट्रोल पिते. तेवढा वेग ९.९ हॉर्सपॉवरमध्ये मिळतो. पंचवीसची मिजास फुकट होती.

ह्या गणितानं आणखी एक गोष्ट शिकवली. एका ऑगस्टमध्ये नदी भरून वाहत असताना काठाकाठानं, लाइफ जॅकेट घालून, दोर बांधून आम्ही चाचणी घेतली. मशीन पूर्ण सोडलं आणि काठावरच्या झाडावर नजर ठेवली. झाड जागचं हललं नाही! म्हणजे पुराच्या मुख्य प्रवाहात आमची होडी फार तर जागेवर उभी राहील. मग नियम केला की ही होडी गल्ल्यांतल्या, अंगणांतल्या साचलेल्या पाण्यासाठी. मुख्य धारेत जायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. ते काम एनडीआरएफच्या जवानांचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, आणि शोध थेट समुद्रापर्यंत करावा लागला. सावित्री काय करू शकते हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

दुसरा प्रश्न, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक साधं, त्याच ताकदीत सहसा हलकं, आणि दुरुस्तीला सोपं. आपले मच्छीमार बांधव त्यावर उगीच प्रेम करत नाहीत. पण बहुतेक टू-स्ट्रोक मशीनना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, बहुधा ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. अंधारात, भर पावसात, घाबरलेल्या माणसानं हे माप करायचं. कमी पडलं तर मशीन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. शिवाय पुरात पेट्रोल कुठून आणणार? पंप बंद. उंचावर लावलेल्या मोटारसायकली हाच आपला पंप. त्यातलं पेट्रोल काढून सरळ ओतता यावं, म्हणून मी फोर-स्ट्रोक घेतलं. वजन चाळीस किलोच्या आसपास. एक पथ्य मात्र आहे. ते कसंही आडवं टाकायचं नाही. टेम्पोतून नेताना कंपनीनं दाखवलेल्या कुशीवरच ठेवायचं, नाहीतर खालचं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

तिसरा प्रश्न दांड्याच्या लांबीचा. आऊटबोर्डचा दांडा आखूड म्हणजे १५ इंच किंवा लांब म्हणजे २० इंच असा मिळतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर जिथंतिथं अडकतो. आमच्या होडीची मागची बाजू निमुळती होती. काकांनी ती कापून जाड फळी बसवली, ती भरली १९ इंच. लांब दांडा सरळ बसला असता. पण शिवाजी चौकातल्या पुराच्या पाण्याखाली काय काय असतं? दुचाक्या, हातगाड्या, कठडे, तारा. म्हणून फळीला मधोमध खाच पाडून उंची १५ वर आणली आणि आखूड दांडा घेतला. खाचेतून मागची लाट आत येऊ नये म्हणून पुढे आडवी फळी ठोकली. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण आधीची फळी त्यांनी रंधा मारून आरशासारखी केली होती.

आता टाकी. मशीन निवडताना सगळे चर्चा करतात, टाकी मात्र दुकानदार देईल ती घेतात. मी बारा-बारा लिटरच्या दोन घेतल्या. चोवीस लिटरची एक भरलेली टाकी आपल्या वयाच्या माणसाला जिन्यावरून उतरवत नाही. शिवाय एकीत पाणी शिरलं तर दुसरी असते. हे मशीन पूर्ण वेगात तासाला साधारण चार लिटर पितं, म्हणजे एका टाकीत तीन तास. हिशोब तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, आणि एक ज्याचा विचार आपण केलेला नाही त्याला.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर ओढलं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि मशीनची नळी तर तळातूनच पेट्रोल उचलते. जुन्या रबरी नळ्याही त्यानं फुगतात. म्हणून इथेनॉलला चालणारी नळी घेतली आणि मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. जूनमध्ये ताजं पेट्रोल भरायचं, महिन्याभरात ते कुणाच्या तरी स्कूटरमध्ये ओतायचं आणि पुन्हा ताजं भरायचं. ऑक्टोबरात टाक्या पूर्ण रिकाम्या, कार्ब्युरेटरही कोरडा. टाकी नेहमी जमिनीवर ठेवून भरायची, होडीत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते.

काही बारीक गोष्टी. मशीन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवीच. माणूस पाण्यात पडला तर मशीन थांबलं पाहिजे. पाण्यातल्या माणसाला जवळ घेताना मशीन बंद करायचं आणि वल्हं वापरायचं, कारण पंख्याला आपला-परका कळत नाही. मशीनच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडते तिच्यावर लक्ष ठेवायचं. धार थांबली म्हणजे आत गाळ किंवा पिशवी अडकली. आणि काम झालं की गोड्या पाण्यानं धुवायचं.

मशीन आता आपल्या शाळेच्या पहिल्या मजल्यावर आहे. मुख्याध्यापकांनी खोली दिली, पण शाळेत पेट्रोलचा थेंबही येणार नाही असं बजावून. अगदी योग्य केलं. टाक्या एका मित्राच्या उंचावरच्या हवेशीर शेडमध्ये असतात.

गेल्या जूनमध्ये मी एक परीक्षा घेतली. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, जिनं आयुष्यात कधी स्कूटरही चालवली नाही, तिला म्हटलं, तू सुरू कर. टाकीचा स्क्रू उघड, रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाब, चोक ओढ, दोरी ओढ. पहिल्या ओढीला नाही झालं. दुसऱ्या ओढीला झालं. तिनं जो आरडाओरडा केला तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल. त्या दिवशी माझी निवड मला पटली. माझ्या हातात सुरू होणारं मशीन उपयोगाचं नाही. मी साठी ओलांडली आहे, त्या दिवशी मी गावात असेन-नसेन.

म्हणून माझी एकच विनंती आहे. वर्गणी नको, सत्कार नको. दर जूनच्या पहिल्या रविवारी जे गावात असतील त्यांनी दासगावच्या काठावर यावं आणि प्रत्येकानं एकदा दोरी ओढावी. मुंबई-पुण्याच्यांनी आपली पोरं, नातवंडं आणावीत. भजी आमच्याकडे.

मित्राच्या आई आता ब्याऐंशीच्या आहेत. गेल्या जूनला त्यांना खुर्ची टाकून काठावर बसवलं होतं. मशीन सुरू झालं तेव्हा म्हणाल्या, ‘हां, हा आवाज.’

पुढच्या वेळी त्यांना फार वेळ कान लावून बसावं लागू नये, एवढंच.