निर्मळ पाण्यातील अदृश्य विष



पाण्याची पारख रंग, वास आणि चव यांवरून करण्याची आपली पूर्वापार रीत आहे. कारखान्यांतील द्रावकांपुढे ही रीत अपुरी पडते. धातूचे सुटे भाग धुण्यासाठी वापरण्यात येणारे ट्रायक्लोरोएथिलीन हे असेच एक रंगहीन द्रावक होय.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वोबर्न नगराचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकात खोदलेल्या दोन विहिरींचे पाणी नळांना जात असे. १९७९ मध्ये जवळच टाकून दिलेली रसायनांची १८४ पिंपे आढळली, म्हणून विहिरी तपासण्यात आल्या. एका विहिरीत लिटरमागे २६७ मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोएथिलीन निघाले. अमेरिकेने पुढे ठरविलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची आहे. विहिरी बंद झाल्या. परंतु १९६९ ते १९७९ या काळात नगरातील १२ बालकांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे दिसून आले. तेवढ्या वस्तीत अपेक्षित संख्या पाचच्या आसपास होती.

हे द्रावक पाण्याहून सुमारे दीडपट जड असते. जमिनीवर सांडले की ते खोल उतरते, खडकाच्या भेगांत साठते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. एक लिटर द्रावक सुमारे २९ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दख्खनच्या काळ्या पाषाणातही भूजल भेगा-सांध्यांतून वाहते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मापनाला शिस्त लागते. द्रावक हवेत उडून जाते. म्हणून उघड्या बादलीतील नमुना फसवा ठरतो. काचेची कुपी काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा राहू न देता बंद करावी लागते आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. निरनिराळ्या खोलीच्या निरीक्षण-विहिरी घेतल्या, म्हणजे दूषित पाणी कोणत्या दिशेने सरकते ते कळते.

शुद्धीकरणासाठी पाणी उपसून त्यात हवा खेळवितात अथवा ते सक्रिय कोळशातून गाळतात. पण भेगांत दडलेला साठा पाणी पुन्हा नासवितो. वोबर्न येथील काम म्हणूनच दशकानुदशके चालले.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये विहिरीच्या पाण्याचे नमुने घेण्याचा अधिकार राज्य मंडळाला आहे. कारखान्यांशेजारच्या ग्रामपंचायतींनी अशी तपासणी नियमितपणे मागून घ्यावी. तक्रारीची वाट पाहू नये. वोबर्नला पिंपे दिसली म्हणून विहिरी तपासल्या गेल्या. ती दिसली नसती, तर लोक तेच पाणी पीत राहिले असते.