संगणकाचे विरजण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्ही जुन्या संगणकाच्या एका कार्डावर बोलणार, हे ऐकताच चिटणीसांच्या मुद्रेवर उमटलेले भाव आम्ही पाहिले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर टिपणे लिहिण्यात आमची वर्षे गेली. तेव्हा हा अधिकार आम्हांस कोणी दिला, हा प्रश्न रास्तच आहे. आमचे उत्तर इतकेच की, समोर बसलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींपैकी कित्येकांनी या बंगळूर नगरीतील कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत असली यंत्रे हाताळली आहेत. ती मंडळी संकोचाने बोलत नाहीत, म्हणून आम्ही बोलतो. काही चुकल्यास सभेनंतर त्यांनी आमचा कान धरावा.

मिनी संगणक हा शब्द ऐकून लहानग्या वस्तूची कल्पना करू नये. खोली व्यापणाऱ्या थोरल्या यंत्रांच्या मानाने तो लहान, एवढेच. एरवी गोदरेजच्या कपाटाशी त्याने सहज बरोबरी केली असती. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९६५ साली पीडीपी-८ आणि १९७० साली पीडीपी-११ बाजारात आणला, आणि विद्यापीठांपासून कारखान्यांपर्यंत या जातीच्या यंत्रांचे युग सुरू झाले.

या यंत्रांपुढे प्रारंभीच एक कोडे उभे राही. संगणक चालतो तो स्मृतीत असलेल्या आज्ञांवर. त्या आज्ञा कागदी पट्टीवरून किंवा चकतीवरून स्मृतीत आणावयाच्या; परंतु पट्टी वाचावी कशी, हे सांगणारी आज्ञाही स्मृतीतच असावी लागते. स्मृती कोरी असेल तर? संस्कृत पंडितांच्या वादांत एक नट येतो. तो कितीही निपुण असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. इंग्रजांनी हीच अडचण बुटाचे बंद धरून स्वतःस वर उचलण्याच्या उपमेने सांगितली, आणि तिच्यातूनच संगणकाच्या शास्त्रात ‘बूट’ हा शब्द रूढ झाला. आमच्या मते आपल्या घरातील उदाहरण याहून नेमके आहे. दही लावावयाचे तर विरजण म्हणून आधी चमचाभर दहीच हवे. नव्या गावी बिऱ्हाड थाटताना शेजारणीकडे वाटी घेऊन गेलेल्या भगिनींस हे अधिक सांगावयास नको.

पीडीपी-११ चे पहिले विरजण माणसाच्या बोटांत होते. यंत्राच्या दर्शनी फळीवर खटक्यांची रांग असे. चालकाने १६ खटके वरखाली करून एक शब्द जुळवावयाचा, तो स्मृतीत टाकावयाचा आणि पुढच्याकडे वळावयाचे. कागदी पट्टीसाठी असे १४ शब्द लागत. एक खटका उलटा पडला की पट्टी नुसती पडून राही, किंवा वेडीवाकडी वाचली जाई. बरे, या १४ शब्दांनी तरी काय साधे? त्यांनी पट्टीवरून थोडा मोठा वाचक-कार्यक्रम आत येई आणि तो पुढे खरे काम ओढून आणी. जुन्या चालकांना हे आकडे पावकी-निमकीसारखे तोंडपाठ असत.

सुदैवाने त्या काळची स्मृती फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली असे आणि वीज गेली तरी ती लिहिलेले धरून ठेवी. म्हणून एकदा भरलेले १४ शब्द, कोणी पुसून टाकले नाहीत तर, दुसऱ्या दिवशीही सापडत. १९७० च्या दशकात अर्धवाहकांची स्मृती आली. ती स्वस्त आणि चपळ, पण वीज जाताच सर्व विसरणारी. वीज जाणे म्हणजे काय, हे बंगळूरकरांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा न विसरणारी अशी छोटी जागा यंत्रात कायमची ठेवणे भाग पडले. तीच बूट रॉम.

पीडीपी-११ चे आरंभीचे असे कार्ड ३२ शब्दांचे होते. त्यावर डायोडांची जाळी असे; डायोड असणे हा एक आकडा, नसणे हा दुसरा. मजकूर बदलावयाचा तर डायोड कापावयाचा. पुढे आतील सूक्ष्म तार एकदाच जाळून लिहावयाच्या प्रॉम चिपा आल्या, आणि एम ९३१२ नावाचे कार्ड निघाले. त्यावर पाच बैठका: एक यंत्राच्या तपासणीच्या आणि चालकाशी संभाषणाच्या चिपेसाठी, उरलेल्या चार निरनिराळ्या चकत्या आणि फिती यांच्या चिपांसाठी. पाचव्या जातीचे उपकरण आले की एक चिप उपटून दुसरी बसवावयाची, आणि त्यात पाय वाकवून घ्यावयाचे. अलीकडे जुनी यंत्रे जपणाऱ्या हौशी अभियंत्यांनी यावर विस्तार-कार्डे तयार केली आहेत. एकाच आधुनिक चिपेत अनेक जुन्या चिपांचा मजकूर साठवावयाचा आणि हवा तो खटक्याने निवडावयाचा, अशी ती योजना. मात्र त्यासाठी मूळ मजकूर कोणीतरी आधीच वाचून ठेवलेला असावा लागतो, आणि आम्ही येथे उभे आहोत ते याच मुद्द्यासाठी.

आपल्या देशात मिनी संगणक घडला तो आपल्याच मुलखात. भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांनी आखलेला टीडीसी-१२ हा संगणक हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९६९ च्या सुमारास बाजारात आणला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. आमच्या तुर्भ्याचे नाव कपाळावर घेऊन तो देशभर गेला, ही गोष्ट किती मराठी घरांत ठाऊक आहे? पुढे टीडीसी-३१२ आणि १६ बिटांचा टीडीसी-३१६ आले. १९७८ साली आयबीएमने भारत सोडला आणि देशी यंत्रांस मोकळे मैदान मिळाले. १९४५ साली खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तुपासाठी स्थापन झालेल्या विप्रोने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी याच बंगळुरात अभियंते जमवून इंटेलच्या ८०८६ वर आधारलेला मिनी संगणक केला. त्या ८०८६ चीही तीच कथा: वीज येताच तो आपल्या दहा लाख घरांच्या स्मृतीत शेवटून सोळाव्या घराचे दार ठोठावतो, तेथे रॉम नसेल तर सारे ठप्प.

पीडीपी-११ लाखांनी विकला गेला. त्याच्या रॉमा जगभरच्या हौशांनी वाचून जतन केल्या आहेत. आपल्या यंत्रांमागे एवढा गोतावळा नाही. ती गेली कोठे, हे मात्र आम्ही अधिकाराने सांगू शकतो, कारण ते आमच्या खात्यातील काम. निकामी सामानाची यादी होते, समिती बसते, किंमत शून्यावर आणली जाते आणि लिलावात यंत्र किलोवर जाते. घेणाऱ्याचा डोळा कार्डाच्या कडेवरील सोन्याच्या मुलाम्यावर असतो. चिपेत काय लिहिले आहे, असा रकाना आम्ही भरलेल्या कोणत्याही नमुन्यात आम्हांस आढळला नाही. नियमांस दोष देण्याचे कारण नाही. ते करणाऱ्यांस कपाट दिसत होते, १४ शब्द दिसत नव्हते.

तरीही काही कार्डे वाचली असावीत, आणि ती माळ्यावरच्या पेट्यांत असतील. निवृत्त होताना मित्राने आठवण म्हणून दिलेले, नातवाने खेळण्यात घेतलेले कार्ड फेकण्याआधी कृपया थांबावे. चिपेवर काचेची खिडकी असून तीवर कागद चिकटवलेला असेल तर तो काढू नये. अशी चिप थेट उन्हात सुमारे आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत पुसली जाते, असे तिचे निर्मातेच सांगत आले आहेत. अंधारात ठेवली तरी तिच्यातील विद्युतभार दशकांच्या ओघात झिरपतो. तार जाळून लिहिलेल्या काही जुन्या प्रॉममध्ये तर जळालेली तार पुन्हा जुळू लागते आणि आकडे बदलतात. म्हणून वाचन आजच व्हावयास हवे. ते करण्याची साधने या नगरीतील तरुण अभियंत्यांपाशी आहेत. त्यांतील कित्येक आपल्याच मंडळाची मुले आहेत. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर तेही उतरवून घ्यावे. त्यात पुष्कळदा खरी माहिती असते.

ज्यांच्यापाशी कार्ड नाही, त्यांच्यापाशी आठवण असेल. कोणत्या साली, कोणत्या यंत्रावर काम केले, ते सुरू करताना काय काय करावे लागे, हे चार ओळींत लिहावे; खटक्यांचे आकडे आठवत असतील तर सोन्याहून पिवळे. चिटणीसांनी आमच्या विनंतीवरून मंडळाच्या वाचनालयात त्यासाठी एक वही ठेवली आहे. आज ती सभागृहाच्या दाराशी आहे. पेन दोरीने बांधले आहे. तेवढी सरकारी सवय आमच्याने सुटली नाही.