२६ जुलै : हुकूम आणि हिशेब
(कोल्हापूर येथील सभेंत झालेलें भाषण)



शाहू महाराजांची जयंती २६ जूनला येते. त्या दिवशीं दसरा चौकांत हारतुऱ्यांस तोटा नसतो. बरोबर एका महिन्यानें येणारा २६ जुलै मात्र पुष्कळांच्या ध्यानांतहि राहत नाहीं. आमच्या मतें हाच दिवस अधिक वजनाचा. जन्म कोणाच्याच हातचा नसतो. २६ जुलै १९०२ हा दिवस महाराजांनीं स्वतः घडविला.

त्या वेळीं महाराज विलायतेंत होते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला व्हावयाचा, तो बादशहाच्या दुखण्यामुळें ९ ऑगस्टपर्यंत लांबला. इकडे करवीर सरकारच्या गॅझेटांत हुकूम निघाला कीं, हा हुकूम पोंचल्या दिवसापासून भरावयाच्या रिकाम्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांस द्याव्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे मागासलेले समजावे.

हें कां करावें लागलें? १८९४ सालीं महाराज गादीवर आले तेव्हां सामान्य कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १०. नांगर धरणाऱ्याच्या मुलानें शिकून करावें काय? कचेरीचें दार बंद असलें तर बाप त्याला शाळेंतून काढून गुरांमागें धाडणार. त्यांत त्या बापाचा काय दोष? वरच्या शिक्षणाचें फळ पुरेशा लोकांच्या वांट्यास येत नाहीं म्हणून शिक्षणाचे प्रयत्न फसले, असें हुकुमांतच स्पष्ट म्हटलें आहे.

पण आमचा सारा भर त्याच्या शेवटच्या कलमांवर आहे. ज्या कचेरींत या वर्गांचे लोक निम्म्याहून कमी, तेथें पुढची नेमणूक त्यांचीच व्हावी. आणि प्रत्येक खात्याच्या मुख्यानें दर तीन महिन्यांनीं नेमणुकांचा तक्ता दरबारांत धाडावा. ‘लायक उमेदवार मिळत नाहीं’ हें वाक्य कोणत्याहि कचेरींत नेहमींच तयार असतें. तें तक्त्यांत लिहून धाडणें मात्र जड जातें! १९१२ सालीं ९५ जागांत ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते. (आणि पहा, हाच ५० चा आंकडा १९९२ सालीं सुप्रीम कोर्टानें कमाल मर्यादा म्हणून ठरविला. महाराजांच्या कागदांत तो आधीं गांठावयाचा आंकडा होता.)

याच तारखेस १९४८ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीं फौजेंतील काळ्या-गोऱ्यांचा भेद मोडण्याचा हुकूम काढला. त्यांनींहि नुसत्या हुकुमावर विसंबून न राहतां देखरेखीस एक कमिटी नेमली. तरी फौजेंतील वरिष्ठांनीं चालढकल केलीच. काळ्यांच्या निराळ्या पलटणी पुरत्या मोडावयास १९५४ साल उजाडलें.

आणखी एक २६ जुलै आहे, १८४७ चा. अमेरिकेंतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या, गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांनीं त्या दिवशीं लायबेरियाचें स्वातंत्र्य जाहीर केलें. गोष्ट मोठी अभिमानाची. परंतु त्याच भूमीवर आधींपासून राहणाऱ्या लोकांना त्यांनीं नागरिक मानलें नाहीं. तो हक्क त्यांना १९०४ सालीं मिळाला. सुटलेला माणूस दुसऱ्याच्या वाटेंत कसा आडवा पडतो, तें यावरून पहावें.

ही गोष्ट आम्ही कोल्हापुरांत मुद्दाम सांगत आहों. १९०२ च्या हुकुमांत मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर, महार, मांग या सर्वांना एकच नांव होतें, मागासलेले. त्यांतल्या कोणाच्या पदरांत किती पडावें याची वांटणी त्यांत नव्हती. तेव्हां पुढें सरकलेल्यांनीं मागच्याला हात दिला कीं मागें टाकलें, हें आम्हींच आम्हांस विचारावयाचें आहे. भटजीला विचारून हा प्रश्न सुटणार नाहीं. आमच्या पतपेढ्या, आमच्या शिक्षणसंस्था, आमचे कारखाने यांत शिपायाच्या जागेवर कोण बसतो आणि मॅनेजरच्या खुर्चीवर कोण, हें येथें बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून आमची एवढीच विनंति आहे. येथें जे कोणी संस्थांचे चालक बसले आहेत, त्यांनीं गेल्या तीन महिन्यांतील नेमणुकांचा तक्ता करून पुढच्या सभेस आणावा. आम्ही तो येथें वाचून दाखवूं.